सगळे "चालतंय सर" म्हणतात आणि मग कुणी करत नाही, काय करायचं?

व्हीएमसीवाला
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे, हाताखाली १४ जण. आधीचे साहेब नुसते ओरडायचे म्हणून मी ठरवलेलं, आपण सगळ्यांना विचारून करायचं. गेल्या महिन्यात शिफ्ट आठवड्याला बदलायच्या ऐवजी पंधरा दिवसांनी बदलूया असं काढलं, सगळ्यांना मशीनपाशी गोळा केलं, अर्धा तास बोललो, कुणाला काय अडचण? एकजण बोलंना. हातातलं कॉटन वेस्ट चोळत खाली बघत, "चालतंय की सर." आणि सोमवारी सेकंड शिफ्टला चार जण गायब! मालक म्हणतात तू लई ढिला, एकदा सांगायचं नि विषय संपवायचा. आता मलाही तेच खरं वाटायलंय.

फौंड्रीकाका
पहिलं हे सांगा, बोलणं कुठल्या भाषेत झालं आणि ते चौघं कुठले? माझ्याकडं खानापूर-चंदगडची पोरं मराठीत माझ्याशी भांडायची, आणि मला वाटायचं काय मोकळं वातावरण आहे बघा. गोकाककडच्या कन्नड पोरांना मराठी सगळं कळतं ओ, पण कळणं वेगळं आणि परक्या भाषेत साहेबाला नाही म्हणणं वेगळं. मग मी एकेकाला बाजूला घेऊन "येन त्रास ऐति, हेळ्री" (काय त्रास आहे, सांगा) म्हणायला लागलो. माझं कन्नड ऐकून हसायची आधी, मग बोलायची. जपानी कारखान्यांत याला नेमावाशी म्हणतात, झाड दुसरीकडं लावायच्या आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची तसं. मीटिंग शेवटी, बोलणं आधी.

रोखठोक
मालक बरोबर आहेत. विचारत बसलात तर डिस्पॅच कधी करणार? वितळलेलं मेटल लॅडलमध्ये (ओतायच्या पळीत) आलं की ओतायचं, तिथं काय मतदान घेता काय, गार झालं की बसलं आतच.

टिळकवाडीची_एचआर
ओतायच्या वेळी हुकूमच पाहिजे, मान्य. पण शिफ्टचं तसं नाही, तिथं माणूस आलाच नाही तर तुमचा हुकूम काय मशीन चालवणार आहे? व्रूम आणि येटन या व्यवस्थापनाच्या दोन अभ्यासकांनी १९७३ मध्ये साधारण हेच मांडलंय, की लोकांनी मनानं घेतल्याशिवाय निर्णय चालणारच नसेल तर त्यांना आत घ्या, नाहीतर एकट्यानं ठरवा. त्याआधी १९३९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला लहान मुलांच्या गटांवरचा प्रयोग आहे. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम थांबायचं, जिथं मुलांनी मिळून ठरवलेलं तिथं चालू राहायचं. रोखठोक, तुम्ही आठवडाभर रजेवर जाऊन बघा की एकदा :)
आणि व्हीएमसीवाले, सहमती म्हणजे सगळ्यांना आवडलं असं नसतं. "मला पसंत नाही, पण मी अडवणार नाही" एवढं पुरे. फक्त तारीख आधी सांगा, शनिवारपर्यंत ठरलं नाही तर मी ठरवणार म्हणून. नाहीतर चर्चा दिवाळीपर्यंत चालते.

व्हीएमसीवाला
काका, तुम्ही बरोबर पकडलंत. चौघंही बैलहोंगल रोडच्या एकाच गावचे. काल चहाच्या गाड्यावर माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं. सेकंड शिफ्ट रात्री १० ला सुटते, गावाकडची शेवटची बस त्याच्या आधीच जाते. एकजण म्हणाला, आठवडाभर पाहुण्यांकडं झोपतो सर, पंधरा दिवस कोण ठेवून घेतंय? मी अर्धा तास भाषण ठोकलं आणि हे दोन वाक्यांत होतं बघा.

रोखठोक
मग त्या चौघांना फर्स्ट शिफ्टलाच टाका, विषय संपला.

फौंड्रीकाका
अन् बाकीचे दहा गप बसतील होय? त्यांना पण विचारा आधी.

व्हीएमसीवाला
तेच म्हणतोय. दोघं-तिघं नाईट भत्त्यासाठी उलट जास्त नाईट मागायलेत, त्यातनं जमेल कदाचित. शनिवारी मालकांपुढं मांडायचंय. मजा म्हणजे मालकांनी "काय अडचण?" विचारलं की मी पण "काय नाही सर" म्हणून खालीच बघत असतो.