आयसर, नायसर, सीईबीएस, आयआयएससी : माहितीपत्रकं सारखीच, मग फरक नेमका कुठे?

कृष्णाकाठ
भाचीची यंदा बारावी, पीसीएमबी. मेडिकल-इंजिनिअरिंग नको, मूलभूत विज्ञानातच राहायचं हे तिचं पक्कं आहे आणि घरच्यांनाही मान्य आहे, त्यामुळे "पुढे स्कोप काय" हा वाद कृपया इथे नको. पुण्याचं आयसर, भुवनेश्वरचं नायसर, कलिन्याचं सीईबीएस आणि बंगळूरचं आयआयएससी एवढी यादी केली आहे. चारही वेबसाइट वाचल्या. सगळीकडे तेच : संशोधनाभिमुख अभ्यासक्रम, अद्ययावत प्रयोगशाळा, हिरवागार परिसर, हसरी मुलं. प्रवेश मिळायला चारही ठिकाणी कठीण, हे कळलं. पण मिळालाच तर एकात आणि दुसऱ्यात शिकण्याच्या दृष्टीने फरक काय, आणि तो घरबसल्या कसा तपासायचा? जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांत तिचं अजून ठरत नाहीये.

पाषाणरोड
विशेषणं बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा : मुख्य विषय कधी निवडावा लागतो, शेवटचं वर्ष कशात जातं, आणि आसपास कोण आहे.

आयसर पुणे 2006 चं. पाच वर्षांचं बीएस-एमएस, आणि पहिल्या वर्षी जीव, रसायन, गणित, भौतिक चारही सगळ्यांना. तुमच्या भाचीसारखं ज्यांचं ठरत नाही त्यांच्यासाठी ही रचना सोन्यासारखी. ज्यांचं दहावीपासूनच ठरलंय त्यांना तेच वर्ष जाच वाटतं. अडखळतात कुठे तेही सांगतो. नीटच्या तयारीतून आलेली मुलं गणितात गार होतात. पर्याय खोडत उत्तरापर्यंत पोचण्याची सवय असते आणि इथे पहिल्याच सत्रात "सिद्ध करा" सुरू होतं. जेईईवाल्यांचं जीवशास्त्रात उलटं : सूत्र नाही म्हणजे विषय सोपा असं धरून चालतात, आणि प्रश्न येतो तो प्रयोगाचा आलेख देऊन "यावरून काय म्हणता येणार नाही?" असा. पीसीएमबी असल्याने तिला दोन्हीकडून थोडा आधार आहे.

शेवटचं वर्ष जवळपास पूर्ण एमएस थिसीसचं (संशोधन प्रबंधाचं), आणि ते बाहेरच्या संस्थेतही करता येतं. इथे पुण्याचा शेजार कामाला येतो. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अगदी लागून, आयुका (खगोलशास्त्राचं केंद्र) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) विद्यापीठाच्या आवारात. आयसरात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग नाही, पण ज्याला त्यात जायचंय त्याला आयुकातला मार्गदर्शक शहरातच मिळू शकतो आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना) दीड-दोन तासांवर आहे. ब्रोशरमध्ये हे एका ओळीत उरकलेलं असतं.

आयआयएससी 1909 ची संस्था, पण बीएस सुरू झालं 2011 मध्ये. पदवी चार वर्षांची, पाचवं वर्ष ऐच्छिक, ते केलं तर एमएस. पहिली तीन सत्रं सामाईक, आणि त्यांत अभियांत्रिकी व मानव्यविद्येचेही कोर्स असतात. मुळात ती पीएचडीवाल्यांची संस्था, बीएसची मुलं तिथे अल्पसंख्य. त्याचा फायदा असा की शंभर पावलांवर चालू संशोधन असतं. तोटा असा की वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेचा पहिला असतो, आणि श्रेणीसाठीची चढाओढ काहींना सोसत नाही. बारावीला गणित लागतंच, निव्वळ पीसीबीला दार बंद.

नायसर आणि सीईबीएस दोन्ही अणुऊर्जा विभागाची, दोन्ही 2007 ची, एकाच नेस्ट परीक्षेतून प्रवेश, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी. पण दोन्हींत जमीन-अस्मान आहे. नायसर म्हणजे भुवनेश्वरबाहेर जटणीला स्वतंत्र कॅम्पस, वर्षाला सुमारे 200 मुलं, पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची. सीईबीएस मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात, साठाच्या आत जागा, पदवी मुंबई विद्यापीठाची, आणि शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) इथली माणसं येतात. एवढ्या छोट्या तुकडीत कोणी लपून राहत नाही, पण ऐच्छिक विषयांची निवडही त्या मानाने आखूड. आणखी एक : या दोन्ही संस्थांतल्या ठरावीक सीजीपीएच्या वर असणाऱ्यांना बीएआरसी ट्रेनिंग स्कूलच्या मुलाखतीला थेट बसता येतं, लेखी चाळणीशिवाय. सरकारी शास्त्रज्ञ व्हायचंय अशांसाठी ही एकच गोष्ट पारडं फिरवू शकते.

थिसीसवाचक
वरचं बरोबर. "घरबसल्या कसं तपासायचं" याचं उत्तर राहिलं, ते मी देतो.

आयसर पुण्याच्या ग्रंथालयाची डिजिटल रिपॉझिटरी आहे. तिथे एमएस थिसीसची वर्षवार यादी मिळते. काही थोडे काळ बंद ठेवलेले असतात, पण पुष्कळ उघडे असतात. भाचीला आवडणाऱ्या विषयांतले अलीकडच्या दोन वर्षांतले वीसेक उघडायचे. पूर्ण वाचायचे नाहीत, ते कळणारही नाहीत. तीन जागा बघायच्या.

सुरुवातीला प्रमाणपत्राचं पान असतं : काम कोणाच्या मार्गदर्शनाखाली आणि कुठल्या संस्थेत झालं. वीसपैकी किती जण आत राहिले, किती बाहेर गेले, बाहेर म्हणजे शेजारी की परदेशी, हे दहा मिनिटांत कळतं. एखाद्या उपविषयात झाडून सगळे बाहेरच जात असतील तर त्यात संस्थेत मार्गदर्शक कमी आहेत, किंवा बाहेरचे दुवे दांडगे आहेत. कुठलं ते प्राध्यापकांच्या यादीवरून ताडून बघा.

मग आभारप्रदर्शन. ते प्रामाणिक असतं. प्रोफेसरांचे आभार दोन ओळींत आणि लॅबमधल्या पीएचडीच्या ताईचे अर्धं पान, असं असेल तर शिकवलं कोणी ते समजा. यात वाईट काही नाही, मोठ्या गटांत असंच चालतं. फक्त जाण्याआधी माहीत असावं.

तिसरी जागा म्हणजे निकालांचं प्रकरण. विद्यार्थ्याने स्वतः मोजलेलं, स्वतः लिहिलेल्या कोडमधून आलेलं काही आहे का, की दुसऱ्यांच्या पेपरांचा आढावा आहे? गणितात आढाव्याचे थिसीस सर्रास असतात, तिथे ते खटकवून घेऊ नका. प्रायोगिक जीवशास्त्रात मात्र नुसता आढावा दिसला तर प्रयोग फसला किंवा वेळ पुरला नाही असं बहुतेक वेळा असतं. बाकी संस्थांत थिसीस असे एका जागी सापडले नाहीत तर लॅबची पानं उघडून "सदस्य" आणि "माजी सदस्य" वाचा : बीएसची मुलं नावानिशी आहेत का, ती पुढे कुठे गेली, शोधनिबंधांत त्यांची नावं येतात का.

एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीच्या) क्रमांकावर मात्र भिस्त ठेवू नका. अध्यापन व साधनं 30 टक्के, संशोधन 30, पदवीचे निकाल 20, समावेशकता 10 आणि लोकांचं मत 10 अशी ती गोळाबेरीज आहे. संशोधनाचा वाटा मुख्यतः प्राध्यापकांच्या पेपरांवरून ठरतो. पहिल्या वर्षाच्या पोरीला सूक्ष्मदर्शकाला हात लावू देतात का, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही.

ऋणएक
परीक्षांचा स्वभावही संस्थेगणिक वेगळा आहे, तो तयारीआधी कळलेला बरा.

आयएटी (आयसरची प्रवेश परीक्षा) : 60 प्रश्न, चार विषयांचे प्रत्येकी 15, तीन तास, बरोबरला 4, चुकीला उणे 1, एकूण 240. सातही आयसरांना ही एकच. चारही विषयांचे गुण धरतात, म्हणून एखादा विषय सोडणं म्हणजे 60 गुणांवर पाणी. नेस्टमध्येही सध्या चार विभाग आहेत, पण गुणवत्तेसाठी सर्वोत्तम तीन धरतात, शिवाय विभागवार किमान गुणांची अट असते. म्हणजे निव्वळ पीसीएम किंवा पीसीबीवाल्याला नेस्ट जवळची, पीसीएमबीला आयएटीत वरचढ होण्याची संधी.

ठोकताळ्याचा हिशोबही करून ठेवा. चार पर्यायांत आंधळा बाण मारला तर प्रश्नामागे सरासरी पाव गुण पडतो. 15 च्या 15 मारले तरी सरासरी चारच्या आत, आणि नशीब फिरलं तर उणे. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी दोन-तृतीयांश, दोन खोडता आले तर दीड गुण. दोन खोडता येईपर्यंत एनसीईआरटी वाचणं हे नवा विषय क्लास लावून शिकण्यापेक्षा स्वस्त पडतं. राज्य मंडळाच्या मुलांनी एनसीईआरटीच्या जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं आणायचीच.

दोन नेहमीच्या चुका. आयआयएससी बीएससाठी जेईईबरोबर आयएटीचेही गुण चालतात, पण अर्ज तिथे स्वतंत्र भरावा लागतो. आयएटीचा फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजून मुदत घालवणारे दरवर्षी भेटतात. आणि आयसरच्या पसंतीक्रमात फक्त पुणे टाकू नका. मोहाली, कोलकाता, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर यांतली जिथे खरोखर जायची तयारी आहे ती सगळी क्रमाने टाका. खालचा पर्याय लिहिल्याने वरच्याची शक्यता कमी होत नाही.

कृष्णाकाठ
थिसीस उघडून बघायची कल्पना डोक्यातच आली नव्हती, आज रात्री तोच कार्यक्रम. दोन शंका राहिल्या. खर्चाला शिष्यवृत्तीचा भरवसा कितपत? आणि तिच्याकडे राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रमाणपत्र आहे, ते चालेल ना?

दाखलेवाला
नाही चालणार. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण, या चारही केंद्रीय संस्था. तिथे एससी, एसटी, केंद्रीय यादीतले ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) एवढेच प्रवर्ग. कुणबी नोंद असेल तर कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, तो रस्ता वेगळा. नसेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएससाठी तहसील कार्यालयात विचारा : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, आणि शेतजमीन 5 एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, अपात्र. सांगली-कोल्हापूरकडे उत्पन्नाच्या अटीत बसून जमिनीवर अडकणारे बरेच. प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं लागतं, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेलं. ओबीसीवाल्यांनीही लक्षात ठेवा, राज्याचं नॉन-क्रीमीलेअर वेगळं, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं. सेतू केंद्रात नुसतं "नॉन-क्रीमीलेअर" म्हटलंत की राज्याचंच हातात पडतं, आणि चूक उघड होते ती कागदपत्रांच्या पडताळणीत, जेव्हा हातात आठवडाही नसतो.

शिष्यवृत्ती : केंद्र सरकारची इन्स्पायर-शी वर्षाला 80,000, त्यातले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठी. ती प्रामुख्याने आपापल्या मंडळाच्या वरच्या 1 टक्क्यातल्यांना, म्हणून बारावीच्या बोर्डाचे गुण "आता काय करायचेत" म्हणून सोडून देऊ नका. नायसर-सीईबीएसमध्ये ज्यांना इन्स्पायर नाही त्यांच्यासाठी अणुऊर्जा विभागाची 'दिशा' शिष्यवृत्ती आहे, रक्कम तेवढीच. दोन्हींचे पैसे उशिरा येतात हे धरूनच पहिल्या वर्षाची फी आणि मेस यांची सोय आधी करा. पुढच्या वर्षीचा हप्ता गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा अहवाल अपलोड केल्यावरच सुटतो.

पाषाणरोड
एक भर. तिचा कल शेवटी गणिताकडे निघाला तर ही यादीच अपुरी आहे. चेन्नईजवळ सिरुसेरीचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि भारतीय सांख्यिकी संस्था (कोलकात्याला बीस्टॅट, बंगळूरला बीमॅथ) यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा मेच्या आसपास होतात, आणि त्यांत पर्यायांबरोबर पायऱ्या लिहून सिद्धता मांडायचे प्रश्न असतात. जुन्या प्रश्नपत्रिका वेबसाइटवर आहेत. सिद्धतेचा एक प्रश्न तासभर सोडवत बसायला तिला मजा येते की कंटाळा, एवढं बघितलं तरी पुरे.

दाखलेवाला
आणि राज्याच्या सीईटीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत कुठे जागा अडवून ठेवणार असाल तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे जमा करण्याआधी तो परत कधी आणि कसा मिळतो ते लेखी विचारा. आयसरच्या फेऱ्या पुढे सरकतात तेव्हा नेमका तोच कागद दुसऱ्याच्या कपाटात असतो.