ऑर्केस्ट्राच्या मिक्समध्ये कॉम्प्रेसर कुठे आणि किती? सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संग्रह) वापरून सात मिनिटांची एक रचना केली आहे. तंतुवाद्यांचा पूर्ण संच, बासरी-ओबो-क्लॅरिनेट, चार फ्रेंच हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, टिंपनी आणि बास ड्रम. सुरुवात अगदी हलकी, पिझिकाटोवर (बोटांनी छेडलेल्या तारांवर) एकटी बासरी. शेवटी सगळे एकदम. बासरी नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवला तर शेवट कानठळ्या बसवतो. शेवट सोसेल एवढा ठेवला तर पहिलं दीड मिनिट हरवतं.

म्हणून मास्टरवर, म्हणजे पूर्ण मिक्सवर, ४:१ चा कॉम्प्रेसर लावला (ठरलेल्या पातळीच्या वर गेलेले चार डेसिबल दाबून एकावर आणणारा). अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) १००. पातळी सारखी झाली, पण शेवटाचा जोर गेला. शिवाय टिंपनीच्या प्रत्येक ठोक्याला व्हायोलिन्स दबतात आणि मग फुगून वर येतात. कोणता कॉम्प्रेसर घ्यावा, आकडे काय ठेवावेत? की पद्धतच चुकते आहे?

प्रतिसाद १

टिंपनीचं आधी सांगते. मास्टरवरच्या कॉम्प्रेसरला वाद्यं ओळखू येत नाहीत, त्याला फक्त एकूण पातळी दिसते. खालच्या सुरांत ऊर्जा सगळ्यात जास्त, त्यामुळे ठोका पडला की तो सगळ्यांनाच खाली खेचतो. साइडचेनमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसर ज्या आवाजावरून पातळी मोजतो त्यात, खालचे सूर वगळणारा हाय-पास फिल्टर १५० हर्ट्झच्या आसपास लावून बघा. टिंपनीचे वरचे सूर त्याच्याही वर जातात, म्हणून त्रास पूर्ण जाणार नाही, पण बराच कमी होईल. आणि डावं-उजवं लिंक केलेलं आहे ना, ते तपासा. नसेल तर बसलेली वाद्यं जागा सोडून सरकल्यासारखी वाटतात.

प्रतिसाद २

पद्धत चुकते आहे असं मला वाटतं, आणि त्यात कॉम्प्रेसरचा दोष नाही.

वाद्य जोरात वाजतं तेव्हा नुसता आवाज वाढत नाही, त्याचा पोत बदलतो. ट्रॉम्बोन हळू वाजला की गोल, मऊ लागतो. जोरात वाजला की वरचे स्वरांश उसळून येतात आणि धातूची धार लागते. ऐकणारा त्या धारेवरून ‘हे जोरात आहे’ असं ओळखतो, मीटरवरून नाही. म्हणजे शेवट तीन-चार डेसिबल खाली आणलात तरी तो मोठाच वाटेल. अट एवढीच, की त्या आधीच्या जागेशी असलेला फरक टिकला पाहिजे. ५ मिलिसेकंदांचा अटॅक नेमका तोच फरक खातो. व्हायोलिनच्या गजाची पहिली पकड, काठीचा पहिला स्पर्श, सगळं दाबून टाकतो.

म्हणून आधी फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ), मग कॉम्प्रेसर. सॅम्पलच्या पातळीवर काम असेल तर त्याच्याही आधी सीसी १ आणि सीसी ११ (लायब्ररीला कसं वाजवायचं ते सांगणारे मिडी कंट्रोल). बऱ्याच लायब्रऱ्यांत सीसी १ ने पोत बदलतो आणि सीसी ११ ने फक्त आवाज. तुमची बासरी हरवते आहे ती कदाचित सगळ्यात मऊ थरावर वाजते म्हणून. सीसी १ थोडा वर न्या, तिला अंग येईल, फेडर फारसा हलवावा लागणार नाही.

मग पूर्ण मिक्सवर ऑटोमेशनची (आवाज कुठे किती ते आधीच आखून ठेवणारी) एक रेघ काढा. सुरुवात ३ डेसिबल वर. खरी युक्ती क्रेसेंडोच्या आधी आहे: चढ सुरू होण्यापूर्वीच्या आठ मापांत आवाज दोन डेसिबल इतका सावकाश उतरवा की उतरतो आहे हे कळू नये. आता चढायला जागा मिळते. हे काम कॉम्प्रेसर करू शकत नाही, कारण पुढे काय येणार आहे ते त्याला माहीत नसतं आणि तुम्हाला असतं.

एवढं झाल्यावरही काही उसळत असेल तर कॉम्प्रेसर त्या सेक्शनच्या बसवर (त्या वाद्यगटाच्या एकत्र वाहिनीवर) लावा, मास्टरवर नाही. हॉर्न आणि ट्रॉम्बोनच्या बसवर रेशो १.५ किंवा २, अटॅक ४० मिलिसेकंदांच्या पुढे, रिलीज ३०० ते ४००, आणि किती दाबलं ते दाखवणारी सुई दोन डेसिबलच्या पलीकडे जाऊ देऊ नका. प्रकार विचारलात तर एलए-टूए सारखे ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारे) कॉम्प्रेसर तंतुवाद्यांवर छान बसतात: त्यांचा निम्मा रिलीज लवकर होतो आणि उरलेला सावकाश, म्हणून हालचाल कळत नाही. ११७६ या कॉम्प्रेसरचं घराणं फार चपळ आहे. ठेक्यांवर ठीक, व्हायोलिनवर नको.

प्रतिसाद ३

मी प्रत्यक्ष हॉलमधलं रेकॉर्डिंग करतो आणि कॉम्प्रेसर जवळजवळ लावतच नाही. हॉलच्या मायक्रोफोनवर दाबलं की सूर थांबल्यावर हॉलची शेपटीच वर येते आणि खोली श्वास घेते आहे असं वाटतं. हळू जागांना अंग हवं असेल तर पॅरलल करा: मिक्सच्या एका प्रतीवर जोरदार कॉम्प्रेशन, आणि ती प्रत मूळ मिक्सच्या १२ ते १५ डेसिबल खाली मिसळा. जोराच्या जागा जवळपास जशाच्या तशा राहतात, हळू जागा तेवढ्या उचलल्या जातात.

धागाकर्ता

खूप आभार. एक शंका: स्ट्रीमिंगसाठी शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारा) लावून पातळी वाढवावी का?

प्रतिसाद २

पातळी वाढवायला अजिबात नको. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसकडे (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणतं, आणि ते संपूर्ण तुकड्याचं मोजमाप असतं. त्याहून मोठं केलंत तर ते परत खाली ओढेल, आणि चेपलेली शिखरं तेवढी तुमच्याकडे उरतील. लिमिटर फक्त ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये एवढ्यासाठी ठेवा.

धागाकर्ता

मास्टरवरचा कॉम्प्रेसर काढला. बासरीचा सीसी १ ३० वरून ५५ वर नेला आणि ती लगेच पुढे आली, फेडरला हातही लावला नाही. क्रेसेंडोच्या आधीची उतरण आठ मापांत कळत होती, म्हणून बारा मापांवर पसरवली. आता फक्त पितळी वाद्यांच्या बसवर दीड डेसिबलचं काम चालतं. टिंपनी वाजते तेव्हा व्हायोलिन्स जागच्या जागी आहेत. पॅरललचा प्रयोग उद्या करतो आणि पहिल्या दीड मिनिटाचं काय झालं ते इथेच लिहितो.