मदत हवी आहे: शिरोलीची फाउंड्री सोडून चाकणच्या मोठ्या कंपनीत जावं का?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३२. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी बघतो. सव्वाशे माणसं, सगळा कारभार एकाच घराकडे. चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीकडून (नाव लिहीत नाही) सप्लायर क्वालिटीची (म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडे जाऊन त्यांची क्वालिटी बघायची) ऑफर आली आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे आणि घरात रोज मत बदलतंय.

इथे मला क्वालिटीसाठी घेतलं, पण स्पेक्ट्रोच्या (धातूत काय किती आहे त्या तपासणीच्या) रिपोर्टपासून कस्टमरला एट-डी (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा रिपोर्ट) पाठवण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात आहे. आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. ब्लो होलचं (ओतलेल्या मालात हवेची पोकळी राहण्याचं) रिजेक्शन वाढलं की मी स्वतः सँड प्लांटवर जाऊन वाळूतला ओलावा बघतो, गेटिंग (साच्यात धातू जायची वाट) बदलायचं असेल तर साच्याचा नमुना करणाऱ्या पॅटर्नवाल्याजवळ बसतो, संध्याकाळपर्यंत ट्रायल ओतून झालेली असते. सहीसाठी कुणामागे फिरावं लागत नाही. मालकांना एक फोन, बास.

पण पगार दहाला म्हणतात आणि वीसलाही होतो. पीएफ १५,००० वरच कापतात, म्हणजे महिन्याला १,८००. मेडिक्लेम नाही. मालकांचा पुतण्या शिकून परत आलाय, त्याच्यासाठी प्लांट हेडची केबिन रंगवून झाली. मला कुणी काही बोललेलं नाही, पण समजायचं ते समजलं. शिवाय निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जातो, तोही सगळा इंजिनाचा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बातम्या वाचल्या की पोटात गोळा येतो.

ऑफर अशी आहे: सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ९.६० लाख, त्यात १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारे). बेसिक महिना ४०,०००. पाच दिवसांचा आठवडा, पण सप्लायरांकडे फिरती. नोटीस पिरियड तीन महिने (इथे एकच). आत्ता हातात ४४,००० येतात. घर स्वतःचं, आईवडील सोबत, वडिलांना डायबेटिस. बायको इथल्याच शाळेत शिकवते. म्हणजे निदान वर्षभर तरी मी चाकणला एकटा.

छोट्यातून मोठ्या कंपनीत गेलेल्यांनी सांगावं: पगार खरंच वाढतो का, आणि सहा महिन्यांनी पश्चात्ताप होतो का? ‘मोठी कंपनी म्हणजे सेफ’ हे कृपया नको. ते सासरे रोज सांगतात.

*

ओतारी लिहितात:

सहा वर्षं सप्लायर क्वालिटीचंच काम करतोय, तेव्हा कामाबद्दल लिहितो. तुमच्या हातून आता काही ओतलं जाणार नाही. दुसऱ्याच्या फाउंड्रीत जाऊन ‘का ओतलं नीट नाही’ हे विचारायचं. ज्याला विचारता त्याला उत्तर माहीत असतं, तुम्हालाही माहीत असतं, तरी पीपीटी होते. गेटिंगमधला बदल तुम्हाला कितीही पटला तरी तो आधी डिझाइनकडे जाणार, मग ड्रॉइंगचं रिव्हिजन, मग नवा पीपीएपी (भाग मंजूर करून घेण्याची कागदपत्रं). दोन महिने गेले तर लवकर झालं म्हणायचं.

याचा पहिल्या वर्षी फार त्रास होतो. दुसऱ्या वर्षी मला त्यातली गंमत कळली. वर्षात वीस-पंचवीस फाउंड्र्या आतून बघायला मिळतात. एकाच रोगावर कोण वाळू बदलतो, कोण कोअर (साच्यातला गाभा) बदलतो, कोण नुसता रिपोर्ट बदलतो, हे शिरोलीत बसून दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र आजच बघा: अपॉइंटमेंट लेटर कुणाच्या नावाचं आहे? कंपनीच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या? की ठरावीक मुदतीचं आहे? गेटवर सगळ्यांना सारखाच टीशर्ट मिळतो, पण कपात आली की पहिली यादी एजन्सीवाल्यांची निघते.

*

हिशेबनीस लिहितात:

९.६० लाखांतून ९६,००० व्हेरिएबल बाजूला काढा, ते वर्षाअखेरीस आणि मिळेल तेवढं. कंपनीचा पीएफ ४,८०० दरमहा म्हणजे ५७,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, ती सुमारे २३,०००. विम्याचे दहा-बारा हजार. उरले महिन्याला ६४,००० च्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५९,०००. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर नाही.

म्हणजे वाढ १५,००० ची. चाकण-मोशीकडे खोली, डबा आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूर धरलंत तर त्यातलं फारसं उरत नाही. फायदा दुसरीकडे आहे. पीएफमध्ये आज दोन्ही बाजूंचे मिळून ३,६०० पडतात, तिथे ९,६०० पडतील.

वडिलांचा विमा लेखी विचारा. ग्रुप पॉलिसीत आईवडील असतात का, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हप्ता कोण भरतं. पण तो विमा नोकरी असेपर्यंतच असतो, त्यामुळे स्वतःची वेगळी पॉलिसी आत्ताच घ्या.

आणि शिरोलीत किती वर्षं झाली?

*

आगाऊ_गणू लिहितात:

पुतण्याची केबिन रंगवून झाली आणि तुम्ही अजून धागा काढताय?

*

धागाकर्ता लिहितात:

गणूभाऊ, मान्य. ओतारीसाहेब, लेटर बघितलं, कंपनीच्याच नावाचं आणि कायम नोकरीचं आहे. हिशेबनीस, येत्या १० जूनला पाच वर्षं होतील, म्हणजे अजून दहा आठवडे. ते महिन्याभरात जॉइन व्हा म्हणताहेत.

*

हिशेबनीस लिहितात:

मग घाई करू नका. तुमची बेसिक २२,००० धरली तर पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच, म्हणजे साधारण ६३,५०० ग्रॅच्युइटी (पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) दहा आठवड्यांवर आहे. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण बरेच मालक तो मानत नाहीत आणि तुम्हाला त्या घराशी भांडायचंही नसेल. जूनच्या मध्याची तारीख मागा. मोठ्या कंपन्यांत बऱ्याच जणांची नोटीस नव्वद दिवसांची असते, त्यांना थांबायची सवय असते.

*

पुन्हा_कोल्हापूर लिहितात:

मी आठ वर्षं मोठ्या कंपनीत काढून परत आलो, आता कागलला आहे. वरच्या कुणी बेल कर्व्हबद्दल (ठरावीक प्रमाणातच चांगली-वाईट रेटिंग वाटायच्या पद्धतीबद्दल) लिहिलं नाही म्हणून लिहितो. टीममध्ये सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी कुणाला तरी खालचं रेटिंग मिळतंच, आणि नवीन आलेला माणूस त्यासाठी सोयीचा असतो. जूनमध्ये गेलात तर मार्चच्या अप्रेझलला पूर्ण वर्ष नसेल, प्रो-राटा (जितके महिने तितकी) वाढ देतात की पुढच्या वर्षी ढकलतात ते विचारा. माझं एक वर्ष त्यातच गेलं.

तरी जाऊन यावं म्हणेन. परत आल्यावर त्याच शिरोली-कागलच्या मालकांनी मला खुर्ची दिली, आधी स्टूल देत होते. मात्र बायको-मुलांशिवाय दोन वर्षं राहिलो, ते पुन्हा करणार नाही. वहिनींनी तिकडच्या शाळांत अर्ज टाकायला आत्तापासूनच सुरुवात करू दे, जूनच्या आधीच भरती होते.

*

धागाकर्ता लिहितात:

एचआरला मेल केली. १५ जूनला हो म्हणाले, एका दिवसात! विम्यात आईवडील आहेत, जुना आजार पहिल्या दिवसापासून, हप्त्याचा अर्धा भाग पगारातून. अप्रेझलचं उत्तर गोलमोल आलंय, पुन्हा विचारतो. बायकोने मोशीच्या दोन शाळांत अर्ज केलेत. मालकांना मात्र मेमध्ये सांगायचं की आत्ताच? महिन्याचीच नोटीस आहे, पण पाच वर्षं त्यांच्या घरी जेवलोय.

*

ओतारी लिहितात:

अपॉइंटमेंट लेटर सहीसकट हातात आलं की १० मेनंतर सांगा, म्हणजे शेवटचा दिवस १० जूनच्या पुढे जाईल. तोवर पॅटर्नचे बदल आणि ट्रायलच्या नोंदी एका वहीत लिहून काढा, तुमच्यानंतर तिथे त्या कुणालाच माहीत नसणार. पीएफ काढू नका, ट्रान्स्फर करा.