वजन किलोत की न्यूटनमध्ये? आणि 'भार' कुठे गेला?

चहाबिस्किट: लेकीचा दहावीचा गृहपाठ, गुरुत्वाकर्षणाचा धडा. प्रश्न होता, 6 किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचं चंद्रावर वजन किती. मी मेथी निवडता निवडता सांगून टाकलं, सहावा भाग म्हणजे 1 किलो. दुसऱ्या दिवशी वहीत लाल गोल आणि शेजारी 'वजन किलोत नसते, 9.8 न्यूटन'. गणित कळलं हो, 6 गुणिले 9.8 आणि भागिले 6. पण ती विचारते, मग वाण्याकडे आपण काय मागतो, वस्तुमान? त्यात आमचे बाबा अडून बसलेत की त्यांच्या पुस्तकात वजनाला 'भार' होतं. कुणाला आठवतंय?

इंदूरी_पोहे: भार हिंदीत आहे. मी हिंदी माध्यमवाली, आमच्याकडे द्रव्यमान आणि भार. सासरी येऊन 'वस्तुमान' ऐकलं तेव्हा मला वाटलं घरातल्या सामानाची यादी!

जुनाट: मराठीतही अणुभार होताच की, आता मुलं अणुवस्तुमान म्हणतात. भारच ठेवायला हवा होता, वजन मुळात अरबी.

लोडशेडिंग_ग्रस्त: भार आम्ही फक्त भारनियमनात पाहिला, तेही अंधारात 😀

गझलवेडा: वजन अरबी असेल पण रुळलंय. शब्दाला वजन असतं, साहेबांकडे वजन असतं, फाईल हलायला तिच्यावर वजन ठेवावं लागतं. इथे 'भार' घालून बघा, फाईल जागची हलणार नाही.

काटेकोर: शिक्षक बरोबर आहेत, वाणीही बरोबर आहे. जुन्या तराजूत एका पारड्यात साखर, दुसऱ्यात लोखंडी वजनं, दोन्हींना पृथ्वी सारखीच ओढते, म्हणून तो चंद्रावर नेलात तरी 6 किलोच दाखवेल. म्हणजे तो वस्तुमान मोजतो. भंगारवाल्याचा हूकवाला स्प्रिंगचा काटा मात्र तिथे 1 किलो दाखवेल, कारण तो ओढ मोजतो. तुमचं उत्तर त्या काट्यावरचं होतं! आणि दुकानातला आताचा इलेक्ट्रॉनिक काटा तर मोजतो बल आणि दाखवतो किलो.

जुनाट: म्हणूनच म्हणतो, एका शब्दाला दोन कामं लावली की असा घोळ होतो. व्यवहारात वजन राहू द्या, शास्त्रात भार घ्या.

गझलवेडा: अरबी चालत नाही तर तराजूही सोडा, तो फारसी. तागडी म्हणा.

जुनाट: म्हणतोच. आमच्या घरी तागडीच होती, आजोबांचं धान्याचं दुकान होतं. एक पारडं जरा हलकं म्हणून त्याच्या दोरीला चिंचोक्यांची पुरचुंडी बांधलेली असायची, तिला पासंग म्हणायचे. कुणी चिंचोके खाल्ले की आजोबा सगळ्या नातवंडांना ओळीत उभं करायचे.

गझलवेडा: पासंगही फारसीच, काका.

इंदूरी_पोहे: अय्या, 'पासंगालाही पुरणार नाही' ते हेच का? मला वाटायचं पासंग म्हणजे कुठलीतरी मिठाई.

लोडशेडिंग_ग्रस्त: चिंचोके भाजलेले की कच्चे?

जुनाट: कच्चे. भाजलेले कशाला टिकतायत.

चहाबिस्किट: मंडळी, बाबा इथे शेजारी बसून वाचतायत आणि म्हणतायत पासंग चिंचोक्यांचा नसतो, खड्यांचा असतो. 'भार'चं विचारलं तर म्हणाले ते नंतर बघू.