‘ते आले’ की ‘ते आलं’?

वाशीकर: एखाद्या व्यक्तीला ‘तो’ही नको, ‘ती’ही नको असेल, तर मराठीत बोलायचं कसं? इंग्रजी ‘दे’ (they) सारखं सरळ ‘ते’ चालेल का?

घोडबंदर: कुठलं ‘ते’, ते क्रियापद ठरवतं. ‘ते आलं’ पोराला किंवा मांजराच्या पिल्लाला ठीक. मोठ्या माणसाला ‘ते आलं बघ’ म्हणजे हिणवणंच. ‘ते आले’ आदरार्थी खरं, पण व्याकरणाने पुल्लिंगी. त्यामुळे नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही.

सुटका विभक्तीत आहे. त्यांना, त्यांनी, त्यांचं यांत लिंग उरतच नाही. ‘त्यांनी फाइल पाठवली’ इथे ‘पाठवली’ फाइलीमागे जातं, माणसामागे नाही. वर्तमान-भविष्यात नाव घेऊन ‘येतात’, ‘येतील’ म्हणावं. अडतं ते आले-आल्या, बसले-बसल्या इथे. विसरणे, जेवणे, बोलणे हीसुद्धा त्याच गोटातली, कर्म असलं तरी कर्त्यामागे धावणारी. मग ‘विसरले’ऐवजी ‘त्यांच्या लक्षात राहिलं नाही’, ‘जेवले’ऐवजी ‘त्यांचं जेवण झालं’. ‘आले का?’ला ‘ऑफिसात आहेत का?’ हा पर्याय. मात्र ‘त्यांचं येणं झालं’ असलं काही बोलू नका, कीर्तनकार वाटाल.

वाशीकर: आणि समोरासमोर?

कळवा-खाडी: तिथे बरंच सोपं. ‘तुम्ही आलात’ सगळ्यांना चालतं (बायकांना काही जण ‘आल्यात’ म्हणतात, तेवढं टाळा). ‘आला आहात’ म्हटलंत की फसलात, लगेच आला की आल्या हा प्रश्न. ‘दमलात का?’ चालेल, ‘दमला आहात का?’ नाही. ‘कसे आहात?’ऐवजी ‘बरं आहे ना?’. अरे-अगं लिंग सांगतात, ‘अहो’ सांगत नाही. लोकलमध्ये दादा-ताईचा अंदाज बांधण्यापेक्षा ‘अहो, जरा सरकता का?’ बरं.

वाशीकर: ती व्यक्ती स्वतः ‘मी जातो’ म्हणते की ‘जाते’, एवढं ऐकलं तर पुरे ना?

घोडबंदर: नेहमी नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’ म्हणतात, आणि नवी मुंबईत घाटावरची घरं थोडी नाहीत. शंका असेल तर एकदा बाजूला विचारावं, चारचौघांत नको: ‘तुमच्याबद्दल बोलताना आले म्हणू की आल्या?’ उत्तर ‘आल्या’ मिळालं, तर ‘त्या आल्या’च म्हणायचं. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रीबद्दल मुद्दाम आडवळणाने, लिंग झाकून बोलणं हाही अपमानच. लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलेलं आहे.

कळवा-खाडी: एक राहिलं. आदर म्हणजे ‘तुम्ही’च असंही नाही. इथल्या आगरी घरांत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ म्हणतात, त्यात उर्मटपणा नसतो. पण ‘तू’ला येतोस-येतेस, आलास-आलीस चिकटतं. तिथे भविष्यकाळ कामी येतो: ‘कधी येशील?’