'स्पिव्ह'ला मराठीत काय म्हणाल?

उपशीर्षकी: 'दे मेड मी अ फ्यूजिटिव्ह' (१९४७, दिग्दर्शक काव्हालकांती) या ब्रिटिश गुन्हेगारीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. युद्धातून परतलेला वैमानिक क्लेम कंटाळून नार्सीच्या टोळीत शिरतो. टोळीचा चोरटा माल शवपेट्यांतून फिरतो. नार्सी म्हणजे 'स्पिव्ह'. मी 'काळाबाजारवाला' लिहिलं, तपासनिसांनी 'भामटा' केलं. पण भामटा फसवून पळतो. स्पिव्ह माल देतो, फक्त रेशनबाहेर आणि दामदुपटीने.

बोरूबहाद्दर: साठेबाज. विषय संपला.

उपशीर्षकी: साठेबाजाला गोदाम लागतं. स्पिव्हचं गोदाम त्याच्या कोटात. रुंद खांदे, भडक टाय, आत नायलॉनचे मोजे!

नाखवा: ब्लॅकवाला! मुंबईत १९४३ ला रेशन आलं. आजी त्याला 'कंट्रोलचे दिवस' म्हणायची. चाळीत साखर-घासलेट आणून देणारा एक ब्लॅकवाला होता. पोलीस आले की त्याला आमच्याच घरात लपवायचे म्हणे. तिकडेही तेच असणार. ब्रेडवर रेशन लागलं तेच मुळी १९४६ मध्ये, युद्ध जिंकल्यावर. मांसावरचं उठलं १९५४ ला.

बोरूबहाद्दर: इंग्रजी शब्दाला इंग्रजीच ठिगळ? छान.

नाखवा: 'काळाबाजार' तरी कुठला देशी? ब्लॅक मार्केटला धोतर नेसवलंय नुसतं.

चिंचोके: काही करा, 'भामटा' तेवढं काढा. राजपूत भामटा ही विमुक्त जमात आहे. इंग्रजांनी जमातीच्या जमातींवर मारलेला शिक्का इंग्रजी सिनेमातल्या गोऱ्या चोराला कशाला?

बोरूबहाद्दर: मग निम्मा शब्दकोश जाळावा लागेल.

चिंचोके: जाळू नका, वापरताना बघा.

पेठकर: स्पिव्ह म्हणजे व्हीआयपी उलटं लिहून, अनेकवचनासकट. आमचे इंग्रजीचे सर सांगायचे.

नाखवा: सरांना नमस्कार, पण घोड्यांच्या शर्यतींच्या धंद्यात हा शब्द युद्धाच्या आधीपासून होता.

पेठकर: मग 'फाळकूट दादा' घ्या. ऐट आली, फुकाचा रुबाबही आला.

उपशीर्षकी: जवळ जातंय, पण त्यात व्यापार कुठाय? आणि दुसरी अडचण: अमली पदार्थांना ही टोळी 'शर्बेट' म्हणते. तिकडे शर्बेट म्हणजे लहान पोरं चाटतात ती आंबटगोड पांढरी पूड. 'सरबत' लिहिलं तर प्रेक्षक पेला शोधतील.

बोरूबहाद्दर: आधी 'शरबत' लिहा. मूळ अरबी, श-र-ब, पिणे. शराबही त्यातलीच.

पेठकर: मराठीत सरबतच! कोकमाचं शरबत मागून बघा एखाद्या कोकणी घरात.

नाखवा: आमच्याकडे कोकमाचं 'सरबत'ही नाही, नुसतं 'कोकम'. आणि त्यात जिरं लागतंच.

पेठकर: जिरं सोलकढीत नाही का?

उपशीर्षकी: मंडळी, उद्या फाइल द्यायचीये. नार्सीचं काय?

चिंचोके: सोलकढीत जिरं? कुठल्या तालुक्यात?