सगळ्यात चांगल्या पोराला मार्कर करायचं का? (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

तेजस, बी विंग: उद्या सकाळी १४ वर्षांखालच्या पोरांची मॅच हाय. समोरच्यांचा १० नंबर लय भारी खेळतोय, एकटा तिघांना काढतो. ओमला त्याच्यावर मॅन टू मॅन लावणार आहे, म्हणजे मॅचभर त्यालाच धरून ठेवायचं. कुणाची हरकत?

सुहासदादा: ओम म्हणजे आपला सेंटर हाफ ना? मग आपला खेळ कोण चालवणार?

तेजस: दादा, त्याच्या मागं पळणारा तेवढा एकच गडी हाय आपल्याकडं.

आप्पा, ए विंग: तेजस, हेच बेकेनबाउरनं १९८६ च्या वर्ल्ड कपला केलं आणि फायनल घालवली. गंमत म्हणजे खेळाडू असताना त्याच्यावरपण हेच लादलं होतं.

तेजस: बेकेनबाउर म्हणजे जर्मनीचा डिफेंडर ना आप्पा? तो कोच पण होता?

आप्पा: होता का म्हणून काय विचारतोस! खेळाडू आणि कोच म्हणून वर्ल्ड कप जिंकणारी आजवर तीनच माणसं. पहिला ब्राझीलचा झगालो, दुसरा हा, तिसरा फ्रान्सचा देशां. त्यात बचावातला हा एकटा. झगालो ५ जानेवारी २०२४ ला गेला आणि हा ७ तारखेला. दोन दिवसांत दोघं.

राजश्रीवहिनी: आप्पा, आमच्या पेठेत वर्ल्ड कपला सगळे फलक अर्जेंटिनाचे नाहीतर ब्राझीलचे. जर्मनीचं कौतुक इथं कोण ऐकणार? 😄

आप्पा: ऐका तर वहिनी. अर्जेंटिनावाल्यांच्या कामाचंच हाय.

१९६६, वेम्बली. पश्चिम जर्मनी विरुद्ध इंग्लंड, वर्ल्ड कप फायनल. बेकेनबाउर २० वर्षांचा, तेव्हा मिडफिल्डला खेळायचा, स्पर्धेत ४ गोल मारून आलेला. कोच हेल्मुट शोननं त्याला सांगितलं, बॉबी चार्लटनला धर. धरला त्यानं. पण चार्लटनचं लक्षही याच्यावरच, त्यामुळं दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं. इंग्लंडचे चारही गोल दुसऱ्यांनीच मारले, हर्स्ट तीन आणि पीटर्स एक. मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ गेली. जर्मनीचा सगळ्यात हुशार पाय चार्लटनच्या मागं पळून दमला.

सुहासदादा: आणि १९७० ची क्वार्टर फायनल याच्या उलट. मेक्सिकोतलं लिओन. इंग्लंड २-० पुढं. ६८ व्या मिनिटाच्या आसपास बेकेनबाउरनं एक गोल परत केला. लगेच इंग्लंडच्या कोचनं चार्लटनला बाहेर काढलं, सेमी फायनलसाठी ताजा राहावा म्हणून. त्याला धरून ठेवायचं ओझं उतरल्यावर बेकेनबाउर मोकळा झाला. सीलरनं बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये म्युलरनं मारला, ३-२. चार्लटनची इंग्लंडकडून ती शेवटची मॅच ठरली.

तेजस: मग तो डिफेंडर झाला कधी?

सुहासदादा: बायर्न म्युनिकमध्ये आधी, राष्ट्रीय संघात १९७० नंतर पक्का. पण आपल्याकडं स्टॉपर म्हणतात तसला नव्हे. स्टॉपर माणूस धरतो. लिबेरो त्याच्या मागं मोकळा असतो, त्याला धरायला माणूस नसतो. बायर्नमध्ये धरायचं काम श्वार्झेनबेक करायचा, सेंटर फॉरवर्ड त्याच्या अंगावर. त्याच्याकडून सुटलेला बॉल बेकेनबाउर गोळा करायचा. इथवर सगळे स्वीपर, म्हणजे मागं राहून सुटलेला बॉल साफ करणारे, सारखेच.

फरक पुढं. बॉल मिळाला की हा लांब उडवायचा नाही, स्वतः घेऊन वर निघायचा. समोरच्या टीममध्ये त्याला धरायचं कुणाला सांगितलेलंच नसायचं, कारण तो मागचा माणूस. मिडफिल्डमध्ये अचानक एक गडी जास्त. समोरचा हाफ त्याच्यावर आला की त्या हाफचा माणूस सुटला. नाही आला तर हा आणखी वीस पावलं पुढं. बुटाच्या बाहेरच्या बाजूनं दिलेला पास ही त्याची खूण. १९७२ ला युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकले तेव्हा नेट्झर मिडफिल्डला होता. बेकेनबाउर वर गेला की नेट्झर मागं सरकायचा. ही अदलाबदल नसेल तर लिबेरो वर जाणं म्हणजे गोल खायचं आमंत्रण.

सेक्रेटरी: कृपया नोंद घ्यावी, उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी ९ ते १२ पाणी बंद राहील. आजच भरून ठेवावे.

राजश्रीवहिनी: मॅचवरनं येणाऱ्या पोरांच्या आंघोळीचं काय मग? 🙏

सेक्रेटरी: १२ नंतर.

आप्पा: १९७४ पण सांगतो, कॅप्टन हाच. साखळीत पूर्व जर्मनीकडून ०-१ हरले, स्पारवासरचा गोल. त्यानंतर टीम बदलली. बोनहोफ मिडफिल्डला आला, आणि त्या बदलात कॅप्टनचा शब्द मोठा होता असं सगळेच मानतात. फायनलला म्युनिकमध्ये हॉलंडनं दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. ब्राइटनरनं पेनल्टीवरच फेडला, मध्यंतराच्या तोंडावर म्युलरनं दुसरा. २-१.

आता बघ तेजस, त्या मॅचला हॉलंडच्या क्रायफच्या मागं, म्हणजे त्यांच्या सगळ्यात भारी गड्याच्या मागं, कोण लावला होता? बेर्टी फोग्ट्स. राइट बॅक. चिवट, बुटका, खेळ रचायची जबाबदारी त्याच्यावर नाही. बेकेनबाउरला क्रायफवर लावला असता तर पुढं बॉल कोण नेणार?

तेजस: म्हणजे मार्कर हुशार नसला तरी चालतो?

सुहासदादा: हुशार पाहिजेच. पण आपला खेळ त्याच्यावाचून अडता कामा नये.

आप्पा: आता १९८६. १९८४ च्या युरोमध्ये जर्मनी साखळीतच बाद झाली, डेरवाल गेला, बेकेनबाउरला बोलावलं. त्याच्याकडं कोचिंगचं लायसन्स नव्हतं. म्हणून त्याला कोच न म्हणता ‘टीमशेफ’ हे पद दिलं आणि लायसन्सवाला सहायक बाजूला बसवला. सुरुवातीला होर्स्ट क्योपेल, नंतर होल्गर ओसिक.

मेक्सिकोत टीम काही खास नव्हती. डेन्मार्ककडून ०-२ हरली, मोरोक्कोला ८८ व्या मिनिटाच्या फ्री किकवर कशीबशी हरवली, मेक्सिकोला टायब्रेकरवर. आत भांडणं पण होती. राखीव गोलकीपर उली स्टाइननं बेकेनबाउरला त्याच्या जुन्या सूपच्या जाहिरातीवरनं चिडवलं, त्याला घरी पाठवलं. तरी फायनल गाठली.

सुहासदादा: फायनलला समोर मॅराडोना. बेकेनबाउरनं त्याच्यावर लोथार मथायसला लावलं. मथायस म्हणजे त्या टीमचा इंजिनवाला माणूस, दोन्ही गोलपुढच्या पेनल्टी बॉक्सपर्यंत पळणारा, लांबून मारणारा. मॅराडोनाला गोल करू दिला नाही हे खरं. पण जर्मनीच्या मिडफिल्डमध्ये खड्डा पडला. अर्जेंटिनाचा पहिला गोल बुरुचागाच्या फ्री किकवर ब्राउनचा, जर्मनीचा गोलकीपर शुमाखर गोल सोडून बाहेर आला आणि चुकला. दुसरा वाल्दानोचा.

०-२ झाल्यावर मथायसला वर सोडलं. मग रुमेनिगे आणि फोलर, दोघांचे गोल कॉर्नरवर, २-२. आणि ८४ व्या मिनिटाच्या सुमाराला मॅराडोनाला मिडफिल्डमध्ये एक सेकंद मोकळा मिळाला. एकच पास, बुरुचागा एकटा पळाला, ३-२. म्हणजे मथायस त्याच्यावर होता तोवर जर्मनीचा खेळ बंद, आणि सोडल्यावर त्याचा पास सुटला.

तेजस: मग करायचं काय? दोन्हीकडनं मार.

आप्पा: १९९०. तोच कोच, तोच मथायस, तोच मॅराडोना. पण मॅराडोनाला धरायला गिडो बुखवाल्ड. उंच, ताकदीचा, बचावाचा माणूस. मथायस मोकळा आणि कॅप्टन. पहिल्याच मॅचला युगोस्लाव्हियाविरुद्ध मथायसनं दोन मारले, त्यात एक आपल्या हाफमधून बॉल घेऊन. ४-१. पहिल्या पाचही मॅच मिलानच्या सान सिरोवर, आणि मथायस, ब्रेहमे, क्लिन्समन तेव्हा मिलानच्याच इंटर क्लबला खेळायचे. घरचं मैदानच म्हणा की.

मागं ऑगेनथालर लिबेरो, पुढं कोहलर आणि बुखवाल्ड धरायला. बुखवाल्ड नुसता चिकटणारा नव्हता हे लक्षात घ्या. हॉलंडविरुद्ध क्लिन्समनचा गोल त्याच्याच क्रॉसवर झाला. फायनलला रोममध्ये मॅराडोनाचं काही चालू दिलं नाही. जर्मनीत त्याला लोक ‘दिएगो’ म्हणायला लागले.

राजश्रीवहिनी: अर्जेंटिनाचे चार जण सस्पेंड होते त्या फायनलला, कॅनिजिया धरून. ते पण सांगा की! आणि ती पेनल्टी!! अजून वाद हाय.

आप्पा: सांगतो वहिनी, लपवत नाही. फोलर पडला, सेन्सिनीचा पाय. ८५ वं मिनिट. मलाही ती जरा स्वस्तातलीच वाटते. पण तोवर मोन्सोन रेड कार्डवर बाहेर गेला होता, वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलं रेड कार्ड. अर्जेंटिनाचा गोलवर धड फटका नव्हता.

पेनल्टी मथायसनं मारायची होती. त्याच्या बुटाचा सोल पहिल्या हाफमध्ये मोडला, मध्यंतराला दुसरा जोड घातला, पाय बसेना. त्यानं ब्रेहमेला दिली. ब्रेहमेनं उजव्या पायानं खाली कोपऱ्यात घातली. त्यांचा गोलकीपर गोयकोचेआ बरोबर बाजूला झेपावला तरी पोचला नाही. नवीन बुटात पेनल्टी मारायची नाही, पोरांना हे पण सांग.

तेजस: 😂 बरं. उद्या काय करू ते सांगा.

सुहासदादा: ओमला मोकळा ठेव. त्या १० नंबरवर यश लाव, तुझा दुसरा बॅक. त्याला एवढंच शिकव.

बॉल लांब असताना १० नंबरपासून तीन-चार पावलं. बॉल त्याच्याकडं यायला लागला की हातभर अंतर. कायम आपल्या गोलच्या बाजूला, पण थोडं बॉलकडं सरकून, म्हणजे मान न वळवता बॉल आणि माणूस दोन्ही दिसतात. पाठमोरा असेल तर पाय घालायचा नाही, फक्त वळू द्यायचा नाही. पोरं इथंच चुकतात. पाय घालतात, तो अंगावर फिरून निघून जातो, नाहीतर फाउल. वळलाच तर त्याच्या कच्च्या पायाकडं ढकलायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हद्द. तो मध्यरेषेच्या पलीकडं, त्यांच्या हाफमध्ये बॉल मागायला गेला तर यशनं तिथवर जायचं नाही. आवाज द्यायचा आणि आपल्या फॉरवर्डकडं सोपवायचा. शेपटासारखा मागं गेला की त्याची जागा उघडी पडते, आणि हुशार १० नंबर मुद्दाम तेच करतो. यशला यलो मिळालं तर पाच मिनिटंही थांबू नकोस, मार्कर बदल. त्याच्या मागं कव्हरला एक गडी पाच-सात पावलांवर, तिरका.

तेजस: कव्हरवाला म्हणजे लिबेरोच ना? दहा-पंधरा पावलं मागं ठेवला तर जास्त सेफ न्हाई का?

सुहासदादा: नाही. जितका मागं ठेवशील तितके त्यांचे फॉरवर्ड ऑनसाइड, म्हणजे नियमात बसून आपल्या गोलजवळ उभे. एकटा तो खाली, म्हणून सगळी लाइन खाली. लिबेरो हळूहळू गेला त्यात हे मोठं कारण. लाइन वर ठेवून एका रेषेत बचाव करणाऱ्या टीम आल्या. १९९० मध्ये नियमही बदलला, शेवटच्या दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला ऑफसाइड राहिला नाही. १९९२ पासून गोलकीपरला पायानं दिलेला बॅकपास हातात घेता येईना, म्हणजे मागच्या माणसाची सोपी सुटका बंद. जर्मनी मात्र चिकटून राहिली. १९९६ ला झामर, आणि गंमत म्हणजे शेवटी मथायस स्वतः लिबेरो खेळला.

तेजस: क्लबला कोच म्हणून कसा होता?

आप्पा: क्लबचं काम त्यानं तुकड्या-तुकड्यानं केलं. वर्ल्ड कपनंतर लगेच मार्सेलला गेला, काही महिन्यांतच कोचपद सोडलं. बायर्नला दोनदा मधेच बसला. १९९४ ला कैसरस्लाउटर्नपेक्षा एका गुणानं लीग जिंकली. त्यात न्युर्नबर्गविरुद्ध हेल्मरचा तो भुताचा गोल, बॉल पोस्टच्या बाहेरनं गेला तरी दिलेला. मॅच रद्द झाली, परत खेळवली, बायर्ननं ५-० मारली. १९९६ ला रेहागेलला काढल्यावर परत बसला आणि बोर्दोला दोन मॅच मिळून ५-१ हरवून यूईएफए कप घेतला. रोजचं सरावाचं काम ओसिकसारख्यांचं, ह्याचं काम निवड आणि वजन. माझ्या मते तो मोठा कोच होता ते माणूस कुठं लावायचा एवढ्यासाठीच.

सुहासदादा: आणि तोंड सैल. १९९० जिंकल्यावर म्हणाला, आता पूर्व जर्मनीचे खेळाडू येणार, पुढची काही वर्षं आपल्याला कुणी हरवू शकणार नाही. त्याच्या जागी कोच झाला तो फोग्ट्स, तोच क्रायफवाला. १९९२ च्या युरो फायनलला डेन्मार्ककडून ०-२. बोलला एक आणि निस्तरलं दुसऱ्यानं.

आप्पा: पण फोग्ट्सनं १९९६ चा युरो जिंकला. खेळाडू म्हणून वर्ल्ड कप आणि युरो, कोच म्हणून युरो, तरी नाव कुणी घेत नाही बघ त्याचं.

सेक्रेटरी: पावणेअकरा झाले. ज्यांनी पाणी भरले नाही त्यांनी भरावे. आणि तेजस, मॅच किती वाजता? येणार आहे.

तेजस: साडेसात सर. १० नंबरवर यश, ओम मोकळा.